उमेदवारीचे दिवस : चिक चॉकलेट आणि ‘अलबेला’चे संगीत

मराठीतील संगीतविषयक लेखनाची एक जुनी रीत आहे. कलावंताच्या उमेदवारीचा काळ गुरुगृही गेला असेल, तर त्यावर प्रकरणच्या प्रकरण लिहिले जाते. तो नाटक कंपनीत गेला असेल, तरी कौतुकाने चार पाने दिली जातात. परंतु तोच काळ एखाद्या हॉटेलातील बँडमध्ये, नाचणाऱ्या जोडप्यांसाठी वाद्य वाजविण्यात गेला असेल, तर एका वाक्यात तो उरकला जातो. पोटासाठी काही दिवस काढले, पुढे चित्रपटसृष्टीत आला, एवढेच त्याबद्दल आपल्याला वाचावयास मिळते. या उरकण्यामागे एक न बोललेला निवाडा असतो. बँडमधील दिवस हे शिक्षणाचे दिवस नव्हेत, असा तो निवाडा. तो चुकीचा आहे, आणि त्यामुळे १९५०च्या दशकातील चित्रपटसंगीताचे आपले मूल्यमापनच एका बाजूस कलते, असे आमचे मत आहे. त्यासाठी ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि संगीतकार सी. रामचंद्र यांच्या सहकार्याचे उदाहरण आम्ही येथे घेत आहोत.

निंबोल्यासारख्या, असीरगडच्या वाटेवरील गावातून मुंबईच्या हॉटेलांतील जॅझबद्दल लिहिणे काहींस विचित्र वाटेल. तथापि हे संगीत आपल्या भागास कधीच परके नव्हते. आपल्या उत्तरेस खंडवा आहे. तेथे १९२९ साली जन्मलेल्या किशोरकुमारांच्या गळ्यातून या संगीताचा एक प्रवाह साऱ्या देशात पोहोचला. मुंबईच्या ध्वनिमुद्रण-खोलीत वाजलेला ट्रम्पेट रेडिओ सिलोनच्या मार्गाने या मुलखातील ओसऱ्यांवर ऐकला गेला, आणि ज्या घरांत सकाळी अभंग होत त्याच घरांत रात्री ‘अलबेला’ची गाणी गुणगुणली गेली. ती गाणी कोणाची, हा प्रश्न मात्र तेव्हा कोणी विचारला नाही. उत्तर ध्वनिमुद्रिकेवर छापलेले होते : संगीत, सी. रामचंद्र.

चिक चॉकलेट यांचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ साली, गोव्यातील बार्देश तालुक्यातील हळदोणे गावी. त्या काळच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांस अक्षरओळखीबरोबरच स्वरलेखन वाचावयास शिकवीत. व्हायोलिन हाती देत, गायकवृंदात उभे करीत. पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांस दिलेल्या मोजक्या उपयुक्त गोष्टींत या शिक्षणाची गणना करावी लागेल. शेती तोकडी, नोकऱ्या दुर्मिळ; म्हणून ही विद्या घेऊन तरुण मुंबईस, कलकत्त्यास, लाहोरास जात. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालविलेली ती सामायिक बिऱ्हाडे होत. परमुलखात गेलेल्या माणसाने गावचा आधार कसा सांभाळला, हे त्या कुडी सांगतात. आणि आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घरांस ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अंतोनियोने मेकॅनिक व्हावे, चारचौघांसारखी मिळकत करावी, अशी त्याच्या आईची इच्छा होती. मुलाने ट्रम्पेट धरला. ‘स्पॉटलाइट्स’ नावाच्या एका पथकात त्याने उमेदवारी केली, आणि १९४५च्या सुमारास ‘चॉकलेट अँड द म्युझिक मेकर्स’ हे त्याचे स्वतःचे पथक मुंबईच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवू लागले. ताजमहाल हॉटेलास लागूनच हे हॉटेल होते. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाने आपले पथक ताजमध्ये आणले, तेव्हापासून मुंबईत जॅझची हवा तयार झालेली होती. त्यामागून क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. चर्चच्या शाळेत स्वर वाचावयास शिकलेल्या गोमंतकीय तरुणांना या मंडळींकडून कागदावर न लिहिलेले संगीत ऐकावयास मिळाले.

या बँडमध्ये माणूस नेमके काय शिकतो, याची फोड करणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. पहिली गोष्ट म्हणजे समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजविणे. दुसरी, ठरलेल्या मात्रांच्या चौकटीत आयत्या वेळी स्वतःचे काही रचणे. आपल्याकडे आवर्तन सांभाळून उपज घेतात, तिच्याशी याचे नाते जवळचे आहे. तिसरी, लय अढळ ठेवणे, कारण समोरची जोडपी नाचत असतात आणि लय ढळली तर पाऊल चुकते. चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते : गायकाची ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या अवकाशात नेमके काय वाजवावे, आणि कोठे काहीच वाजवू नये, याचे भान. पाचवी, एकाच वाद्यातून अनेक आवाज काढणे. ट्रम्पेटच्या तोंडाशी बूच धरून त्याला दबता, घोगरा, रडवा किंवा हसरा करता येते. हे सारे एखाद्या शिक्षकाने पाट्यावर बसवून शिकविण्यासारखे नाही. रोज रात्री चार-पाच तास, पगारावर, चुकल्यास काढून टाकले जाण्याच्या भीतीत ते शिकावे लागते.

खुद्द लुई आर्मस्ट्राँग यांची उमेदवारी याहून निराळी नव्हती. न्यू ऑर्लिन्समधील अनाथ व उनाड मुलांच्या सुधारगृहातील बँड, मग मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींत फेट मॅरेबल यांचे पथक, मग १९२२ साली शिकागोत किंग ऑलिव्हर यांच्या बँडमधील दुय्यम जागा. अमेरिकन चरित्रकार हे दिवस त्यांच्या कलेचा पाया म्हणून तपशीलवार मांडतात. आपल्याकडे मात्र त्याच वाटेने आलेल्या माणसाच्या त्याच दिवसांस ‘हॉटेलात वाजवीत असे’ या तीन शब्दांत गुंडाळले जाते.

चिक यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. त्यांची रंगमंचावरील ढबही आर्मस्ट्राँगवर बेतलेली होती. ही उपाधी गौरवाची खरी. पण तिच्यात एक अडचण दडलेली आहे. अशी उपाधी मिळालेला कलावंत नेहमीच दुसऱ्याच्या नावाने मोजला जातो. चिक केवळ नक्कल करीत राहिले असते, तर त्यांचे नाव हॉटेलांच्या आठवणींपलीकडे उरले नसते. ते उरले, याचे कारण ते ट्रम्पेट घेऊन अशा ठिकाणी गेले जेथे आर्मस्ट्राँग यांची नक्कल पुरेशी नव्हती.

ते ठिकाण म्हणजे चित्रपटांची ध्वनिमुद्रण-खोली. स्वातंत्र्यानंतर इंग्रज अधिकाऱ्यांचे क्लब ओस पडले, संस्थानिकांची पथके मोडली, आणि १९५०पासून मुंबई राज्यात दारूबंदी पूर्णपणे अमलात आल्यावर नाचघरांचा धंदाही आटला. दुसऱ्या बाजूस चित्रपटांतील वाद्यवृंद वाढत होते. संगीतकार बहुधा पेटीवर चाल बांधी आणि ती सरगमच्या भाषेत सांगे. वीस-तीस वादकांस एकाच वेळी वाजविण्यासाठी ती चाल कागदावर उतरवावी लागे, वाद्यावाद्यांस वाटून द्यावी लागे, मुखडा व अंतरा यांमधील जागा भराव्या लागत. हे काम करणारे बव्हंशी गोमंतकीय होते. त्यांस दिवसाच्या कामाचे पैसे मिळत. ध्वनिमुद्रिकेवर नाव मिळत नसे.

आता दुसऱ्या उमेदवारीकडे वळू. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथील. नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. नट होण्याच्या आशेने ते चित्रपटांत आले, ती आशा फळली नाही, आणि सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हबीब खाँ व बुंदू खाँ यांच्या हाताखाली ते पेटीची साथ करू लागले. म्हणजे यांचीही उमेदवारी दुसऱ्याच्या पथकातील साथीदाराचीच. १९४२च्या ‘सुखी जीवन’मध्ये भगवान यांनी त्यांस संगीतकार म्हणून संधी दिली. १९४७च्या ‘शहनाई’त सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा त्यांनी केलेला उपयोग गाजला. तेव्हा चिक त्यांच्या वाद्यवृंदात आले ते सहज कोणी बोलावले म्हणून नव्हे. या संगीतकाराचे कान आधीच त्या दिशेस लागलेले होते.

१९५१चा ‘अलबेला’ हा या दोन उमेदवाऱ्यांचा संगम होय. चित्रपटाचा कर्ता-करविता भगवान आभाजी पालव, अमरावतीस जन्मलेला, मुंबईच्या गिरणी कामगाराचा मुलगा. कथा साधी, किंबहुना भाबडी. तिचे आयुष्य गाण्यांवर आहे. या चित्रपटात चिक व त्यांचे पथक झालरीच्या क्युबन धर्तीच्या सदऱ्यांत पडद्यावरही दिसते. ज्यांना नाव मिळत नसे त्यांचे निदान चेहरे या एका ठिकाणी प्रेक्षकांसमोर आले.

ही गाणी लक्षपूर्वक ऐकली असता एक गोष्ट ध्यानी येते. नाचाच्या गाण्यांत पितळी वाद्यांचा एक लहानसा तुकडा पुनःपुन्हा येतो. गायक एक ओळ टाकतो, वाद्ये तिला उत्तर देतात. तो पुन्हा तीच ओळ टाकतो, वाद्ये तेच उत्तर अधिक जोराने देतात. जॅझमध्ये ही नित्याची रीत आहे. पण मराठी कानास ती नवी का वाटत नाही? आमच्या मते याचे कारण आपल्या पोवाड्यात आणि गोंधळात आहे. शाहीर ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात आणि ठरलेल्या टाहोने तिला टेकू देतात. शाहिराचा दम त्या झिलीवर चालतो. ‘अलबेला’तील ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट हे झीलकऱ्यांचे काम करतात. गायक चितळकर आणि नर्तक भगवान, हे दोघेही त्या रीतीत वाढलेले. म्हणून परदेशातून आलेला तो तुकडा त्यांच्या गाण्यात पाहुण्यासारखा अवघडून बसत नाही. भगवान यांचे नृत्य तर याची साक्षच आहे. पाय जागच्या जागी, खांदे व हात हलके. गिरणगावच्या मेळ्यांतील गडी नाचतो तसे. वाद्ये हॉटेलातील, पाऊल लालबाग-परळचे.

त्याच चित्रपटातील अंगाईकडे पाहावे. तेथे पिलूची छाया आहे, चाल अगदी घरगुती आहे. ट्रम्पेटची चमक तेथे जवळजवळ नाही. हा संयमही विद्येचाच भाग आहे. कोठे वाजवू नये हे बँडमधील माणूस शिकतो, असे वर म्हटले ते याचसाठी.

मग या यशाचे श्रेय कोणाचे? येथे एक परीक्षा करून पाहता येते. दोघांस वेगवेगळे करून पाहावे. १९५३च्या ‘अनारकली’त सी. रामचंद्र हॉटेलच्या बँडवाचून उभे आहेत. संगीत श्रेष्ठ आहे, आणि त्याचा आधार राग व गळा हाच आहे. १९५१च्याच ‘नादान’मध्ये चिक चॉकलेट स्वतंत्र संगीतकार आहेत, सी. रामचंद्रांवाचून. तेथे तलत महमूद यांनी गायलेले, प्रेयसीचे चित्र रेखाटू पाहणारे गीत ऐकावे. ट्रम्पेटच्या जल्लोषासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाने एवढी संथ, एवढी अलवार चाल बांधावी, याचे प्रथम आश्चर्य वाटते. थोड्या विचारानंतर ते वाटेनासे होते, कारण मध्यरात्रीनंतर, गर्दी पांगत असताना, बँडास संथ गीतेच वाजवावी लागत. म्हणजे दोघेही एकेकटे समर्थ होते. परंतु ‘अनारकली’तही ‘अलबेला’ नाही आणि ‘नादान’मध्येही नाही. तो रंग दोघे एकत्र आल्यावरच उमटतो. श्रेयाच्या प्रश्नास आम्ही देऊ इच्छितो ते उत्तर हेच, आणि ते ऐकण्यावर आधारलेले आहे.

हे उत्तर दोन पक्षांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

पहिला पक्ष शुद्धतेचा. त्याचा सर्वांत अधिकारी प्रवक्ता एक मराठी गृहस्थच होते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. पाश्चात्त्य चालींच्या मिश्रणाने भारतीय रुची बिघडते, अशी त्यांची धारणा होती. त्या धारणेमागील कळकळ आम्ही नाकारीत नाही. संस्थानांचा आश्रय संपत आलेला असताना शास्त्रीय संगीतास आकाशवाणीचे छत्र देणे हे त्यांचे कार्य मोठेच आहे. पण निवाडा चुकला. श्रोते सुधारले नाहीत, ते सिलोनकडे वळले. आणि १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून शासनास त्यांस परत बोलवावे लागले. मिश्रण आहे म्हणून कृती हीन, हा न्याय लावावयाचा, तर आपल्या नाट्यसंगीताचे काय करावे? त्यात कर्नाटकी चाली आहेत, पारशी रंगभूमीच्या चाली आहेत, कव्वाली आहे. प्रश्न मिश्रणाचा नसून ते एकजीव झाले की नाही, हा आहे. १९५०च्या दशकातील पुष्कळ गाण्यांत ते झालेले नाही. परदेशी ध्वनिमुद्रिकेवरील सूर उचलून त्याखाली हिंदी शब्द ठेवले, असा प्रकार त्यांत उघड ऐकू येतो, खुद्द सी. रामचंद्रांच्या काही गाण्यांतही येतो. ती टीका अवश्य व्हावी. ‘अलबेला’ मात्र तिच्या कक्षेत बसत नाही.

दुसरा पक्ष अलीकडचा आहे. नरेश फर्नांडिस यांच्या २००४मधील लेखाने आणि २०१२मधील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथाने, तसेच ग्रेगरी बूथ यांच्या अभ्यासाने, या विस्मृत वादकांस प्रकाशात आणले. हे ऋण मोठे आहे. परंतु त्यातून स्फूर्ती घेऊन आता काही जण उलट टोक गाठतात. संगीतकाराने फक्त ओळ गुणगुणली, बाकी सारे गोमंतकीयांनी केले, असे ते म्हणतात. हे म्हणणे अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने करते. चाल, तिचे शब्दांशी नाते, कोणत्या वादकास कोणत्या जागी उभे करावे ही निवड, हे संगीतकाराचे काम आहे आणि ते लहान नाही. झिलीवाचून शाहीर लंगडा पडेल हे खरे. तेवढ्यावरून पोवाडा झीलकऱ्याने रचला असे होत नाही.

चिक यांचे उदाहरण एकाकी नाही, हेही ध्यानात ठेवावे. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात पथक चालवीत. पुढे मुंबईत ओ. पी. नय्यर आणि विशेषतः शंकर-जयकिशन यांच्या संगीताचे त्यांनी दीर्घकाळ संयोजन केले, आणि गायकाच्या सुरावटीखालून दुसरी सुरावट वाहती ठेवण्याची किमया केली. कुडचडेचे फ्रँक फर्नांड मसुरीच्या हॉटेलांतून वाजवीत. जॅझला भारतीय वळण कसे द्यावे हा ध्यास त्यांनी घेतला. पुढे त्यांनी अनिल विश्वास, हेमंतकुमार, किशोरकुमार आदींस साहाय्य केले आणि १९६३ साली ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट काढला. १९५७च्या ‘आशा’त सी. रामचंद्रांनी निरर्थक शब्दांचे जे धडाक्याचे गाणे किशोरकुमारांकडून गाऊन घेतले, त्यात ‘मला नको’ या अर्थाचे कोंकणी शब्दही येऊन बसले आहेत. साहाय्यक जॉन गोम्स यांची ती देणगी, असे सांगतात. पुणतांब्याची चाल, गोव्याचे शब्द, खंडव्याचा गळा. साऱ्या देशाने ते गाणे आपले म्हणून गायिले.

चिक चॉकलेट १९६७ साली, वयाच्या पन्नाशीच्या आसपास निवर्तले. सी. रामचंद्र १९८२ साली गेले. एकाचे आत्मचरित्र ‘माझ्या जीवनाची सरगम’ मराठी घरांत आवडीने वाचले गेले. दुसऱ्याच्या वाट्यास मराठीत स्वतंत्र असे फारसे काही आले नाही. ही विषमता त्यांच्या गुणांची नसून आपल्या लक्ष देण्याच्या सवयीची आहे.

आपल्या मंडळाच्या वाचकांस हा विषय आम्ही का सांगावा? १७६०च्या उदगीरच्या तहानंतर बऱ्हाणपूर-असीरगडचा मुलूख पेशव्यांकडे आला, आणि त्या सुमारास व त्यापुढे कितीएक मराठी घरे या भागात स्थिरावली. निमाडी व हिंदी यांच्या शेजारात आपली मराठी अडीच शतके जगली. तीत शेजारचे शब्द आले, हेल आला. पुण्याकडील पाहुणे त्यास कधी भेसळ म्हणतात, आणि आपल्यापैकी काही ते ऐकून ओशाळे होतात. अशा वेळी हा निकष हाताशी असावा असे आम्हांस वाटते : बाहेरून काय आले याची मोजदाद पुरेशी नाही, आलेले एकजीव झाले का, ते पाहावे. भाषेच्या बाबतीत या परीक्षेस आपण नेहमीच उतरू असे नाही. आळसाने घेतलेला शब्द आणि गरजेने आपलासा केलेला शब्द यांत फरक आहे, आणि तो फरक करण्याचे कष्ट आपण घेतले पाहिजेत.

दुसरी गोष्ट अधिक साधी आहे. जुन्या चित्रपटगीतांवर आपल्याकडे व्याख्याने होतात, लेख येतात. त्यांत गीतकार, संगीतकार व गायक अशी तीन नावे घेण्याची प्रथा आहे. यापुढे चौथे नाव शोधून घेतले जावे. ज्याने ती चाल कागदावर उतरविली, जागा भरल्या, ट्रम्पेट फुंकला, त्याचे. आणि ते नाव घेताना तो माणूस कोणत्या हॉटेलात, कोणाच्या पथकात, काय वाजवीत होता हेही सांगावे. कारण त्याची विद्या तेथेच घडलेली असते.